शिह त्झू : रीलमध्ये गोंडस, पण सांभाळायला सोपा आहे का? घरी आणण्याआधी हे वाचा

डोक्यावर छोट्या रबरबँडने बांधलेली शेंडी, जमिनीला टेकणारे रेशमी केस, मोठे गोल डोळे आणि सोफ्यावर उताणं पडून काढलेली घोरत झोप. शिह त्झू कुत्र्याचे असे रील रोज कुणाच्या ना कुणाच्या फीडवर येत असतात. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्येही हा कुत्रा आता सहज दिसतो. लहान आकार, फार भुंकत नाही, केसही कमी गळतात, म्हणजे फ्लॅटसाठी एकदम योग्य, असं गणित मांडून अनेक कुटुंबं त्याला घरी आणतात.

हे गणित अर्धंच बरोबर आहे. शिह त्झू स्वभावाने खरंच मायाळू आणि घरात रमणारा आहे. पण रीलमध्ये गोड वाटणारं त्याचं घोरणं अनेकदा श्वास घ्यायला होणारा त्रास असतो. ते सुंदर केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर त्यांच्या जटा होतात. आणि मोठ्या डोळ्यांना इजाही लवकर होते. त्यात हा कुत्रा साधारण १० ते १६ वर्षं जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत तो घरात असणार आहे.

त्यामुळे पिल्लू आणण्याआधी हा कुत्रा नेमका कसा आहे आणि त्याला रोज काय लागतं, हे समजून घ्यायला हवं.

नावात सिंह, काम मात्र सोबतीचं

'शिह त्झू' या चिनी शब्दाचा अर्थ 'सिंह'. आपल्याकडे बोलताना त्याचा 'शित्झू' किंवा 'शिट्झू' होतो. बौद्ध परंपरेत मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहन सिंह आहे. मंजुश्रीसोबत एक छोटा कुत्रा असायचा आणि गरज पडली की त्याचा सिंह व्हायचा, अशी आख्यायिका सांगितली जाते. या जातीचं मूळ तिबेटकडचं मानलं जातं. तिथून हे कुत्रे चीनच्या राजवाड्यात पोहोचले आणि तिथेच त्यांना आजचं रूप मिळालं. चीनची सत्ता दीर्घकाळ हातात ठेवणाऱ्या सम्राज्ञी त्सिशी यांना (मृत्यू १९०८) अशा छोट्या कुत्र्यांचा मोठा षौक होता.

ही जात जुनी असल्याचा दुजोरा विज्ञानानेही दिला आहे. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लांडग्यांशी जनुकीयदृष्ट्या जवळ असलेल्या जुन्या जातींच्या गटात शिह त्झूचाही समावेश होता.

१९३० मध्ये ब्राउनरिग दांपत्याने चीनमधून काही शिह त्झू इंग्लंडला नेले. सुरुवातीला तिथे त्यांना 'ॲप्सो' म्हटलं जायचं. लासा ॲप्सो हा वेगळा कुत्रा आहे, हे स्पष्ट झाल्यावर १९३४ पासून शिह त्झू ही स्वतंत्र जात मानली जाऊ लागली. अमेरिकन केनेल क्लबने तिला १९६९ मध्ये मान्यता दिली.

दरम्यान चीनमध्ये १९४९ च्या सत्तांतरानंतर ही जात जवळपास नाहीशी झाली. आज जगभरात असलेल्या शिह त्झूंचा वंश अवघ्या १४ कुत्र्यांपर्यंत मागे नेला जातो. इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या जातीत आनुवंशिक आजार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच पिल्लू कुठून घेतलं, याला इथे फार महत्त्व आहे.

शिह त्झू की लासा ॲप्सो?

आपल्याकडे या दोन जातींची सर्रास गल्लत होते. विक्रीच्या वेळीही एक सांगून दुसरा दिला जाण्याची शक्यता असते. ओळखण्याच्या काही खुणा आहेत.

- शिह त्झूचा चेहरा जास्त चपटा, डोकं गोलसर आणि डोळे मोठे असतात. लासाचं नाक थोडं लांब आणि डोळे तुलनेने लहान असतात.
- शिह त्झूच्या नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढतात आणि चेहऱ्याभोवती पाकळ्यांसारखे पसरतात. म्हणून त्याला 'शेवंतीच्या फुलासारखा कुत्रा' असंही म्हणतात.
- लासा तिबेटमधल्या मठांमध्ये आणि घरांमध्ये राखणीला असायचा. तो अनोळखी माणसाकडे संशयाने बघतो. शिह त्झू मात्र बहुतेक पाहुण्यांचं शेपटी हलवूनच स्वागत करतो.

घराची राखण करणारा कुत्रा हवा असेल, तर शिह त्झूकडून ती अपेक्षा ठेवू नये. चोर आला तर हा त्यालाही खेळायला बोलावेल, असं गमतीने म्हटलं जातं ते उगाच नाही.

स्वभाव कसा असतो?

मेंढ्या राखणं, शिकार करणं, पहारा देणं अशा कामांसाठी अनेक जाती तयार झाल्या. शिह त्झूचं काम एकच होतं, माणसाजवळ राहणं. त्याच्या स्वभावातल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर यातच सापडतं.

तो घरातल्या माणसांच्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत फिरतो. मांडीवर किंवा पायाशी बसायला त्याला आवडतं. ज्येष्ठ नागरिकांसोबत त्याचं छान जमतं, कारण त्याला लांब पल्ल्याची धावपळ लागत नाही. दिवसातून दोनदा १५ ते २० मिनिटांची रमतगमत फेरी आणि घरात थोडा खेळ बहुतेक मोठ्या शिह त्झूंना पुरतो.

लहान मुलांशीही तो प्रेमाने वागतो. पण पूर्ण वाढलेल्या शिह त्झूचं वजन साधारण ४ ते ७ किलोच असतं. मुलाच्या हातून पडला किंवा कुणी चुकून अंगावर बसलं, तर त्याला गंभीर दुखापत होऊ शकते. त्यामुळे अगदी लहान मुलं आणि कुत्रा यांना एकटं सोडू नये. मुलाने जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावं, हा साधा नियम उपयोगी पडतो.

या स्वभावाची दुसरी बाजू म्हणजे हट्टीपणा. मनात नसेल तर तो हाक ऐकूनही ऐकली नाही असं दाखवतो. शी-शूची सवय लागायला बऱ्याच शिह त्झूंना काही महिने लागतात. ओरडून किंवा मारून उपयोग होत नाही, उलट तो लपून घाण करायला शिकतो. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी नेणं आणि तिथे काम झाल्याक्षणी शाबासकी किंवा छोटा खाऊ देणं, हाच खात्रीचा मार्ग आहे.

दिवसभर घर बंद असेल तर?

नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि घर सकाळी नऊ ते रात्री आठ बंद, अशी परिस्थिती असेल तर या कुत्र्याचा विचार पुन्हा करायला हवा. माणसाच्या सोबतीसाठीच घडवलेल्या प्राण्याला रोज दहा-अकरा तास एकटं ठेवलं, तर तो सतत रडणं, दार ओरबाडणं, स्वतःचे पंजे चाटत राहणं असे प्रकार करू लागतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

एकटं राहण्याची सवय हळूहळू लावता येते. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. घरातून निघताना मोठा निरोपसमारंभ करू नये. पण सवय लावल्यानंतरही दुपारी कुणीतरी एक चक्कर मारणं गरजेचं आहे. घरात आजी-आजोबा असतील किंवा कुणी घरून काम करत असेल, तर हा प्रश्न बराच सुटतो.

चपटा चेहरा आणि श्वासाचा प्रश्न

शिह त्झूची कवटी पुढून आखूड असते. पण नाक, टाळू आणि घशातल्या मऊ भागाचं प्रमाण त्या हिशेबाने कमी झालेलं नसतं. कमी जागेत ते सगळं दाटीने बसतं. नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मागचा मऊ भाग श्वासाच्या वाटेत येतो. त्यामुळे घोरणं, घशातून खरखर आवाज येणं, थोडं चालल्यावर जोरात धाप लागणं हे प्रकार दिसतात. प्रत्येक शिह त्झूला हा त्रास सारखाच होतो असं नाही, पण 'या जातीचे सगळेच घोरतात' असं म्हणून तो सोडूनही देऊ नये. जागेपणी शांत बसलेला असतानाही श्वासाचा आवाज येत असेल, झोपेत दचकून उठत असेल किंवा थोड्या चालण्याने जीभ निळसर होत असेल, तर पशुवैद्याकडे न्यायलाच हवं. गरज पडल्यास शस्त्रक्रियेने नाकपुड्या रुंद करता येतात.

वाढलेलं वजन हा त्रास आणखी वाढवतो. ६ किलोच्या कुत्र्याचं वजन ६०० ग्रॅमने वाढलं, तर ते ६० किलोच्या माणसाचं ६ किलोने वाढण्यासारखं आहे.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. पट्टा ओढला की श्वासनलिकेवर दाब येतो आणि डोळ्यांवरचा ताणही वाढतो. चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेण्यावर अनेक विमान कंपन्यांचे निर्बंध आहेत, त्यालाही श्वासाचा हाच प्रश्न कारणीभूत आहे.

उन्हाळा हा सर्वात मोठा धोका

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद आहे, त्याची ही कूलिंग यंत्रणाही कमजोर असते. विदर्भ-मराठवाड्यातलं कोरडं ऊन असो किंवा मुंबई-कोकणातला दमट उकाडा, दोन्ही त्याच्यासाठी धोकादायक आहेत. दमट हवेत तर धापा टाकूनही पुरेसा गारवा मिळत नाही.

उन्हाळ्यात फेरी सूर्य चढण्याआधी आणि रात्री काढावी. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघावी. पाच-सात सेकंद ठेवणं जमत नसेल, तर त्याच्या पंजांनाही चटके बसणार. बंद गाडीत 'फक्त पाच मिनिटं' म्हणूनही सोडू नये. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने वाढतं आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

कुत्र्याच्या शरीराचं सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. म्हणजे आपल्या हाताला तो नेहमीच किंचित गरम लागतो. ते ४१ अंशांच्या आसपास गेलं की जिवाला धोका असतो. न थांबणारी जोरदार धाप, दाट लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळत चालणं, उलटी किंवा कोसळणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत.

अशा वेळी काय करावं?

- लगेच सावलीत किंवा पंख्याखाली न्यावं.
- पोट, काख आणि पंजांसह अंगावर नळाचं पाणी ओतावं आणि वारा घालत राहावं.
- ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते.
- शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवावं, तोंडात ओतू नये.
- थंड करायला सुरुवात करूनच दवाखान्यात न्यावं. बरा वाटला तरी तपासणी टाळू नये, कारण किडनी आणि इतर अवयवांवरचा परिणाम नंतर दिसू शकतो.

मोठे डोळे, नाजूक डोळे

शिह त्झूच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, त्यामुळे डोळे बाहेर आलेले दिसतात. धूळ, केसाचं टोक किंवा मांजराचं नख सहज लागतं आणि बुबुळावर जखम होते. काहींमध्ये अश्रू कमी तयार होऊन डोळा कोरडा पडतो. डोळा मिटून ठेवणं, सारखा पंजाने चोळणं, घट्ट पिवळा-हिरवा स्राव किंवा बुबुळ पांढुरकं दिसणं यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. घरात उरलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम चिघळू शकते.

मारामारीत किंवा जोराच्या धक्क्याने या कुत्र्यांचा डोळा खोबणीबाहेर येण्याचे प्रकारही घडतात. तसं झालं तर तो आत ढकलायचा प्रयत्न न करता सलाइनने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ओला ठेवून तातडीने दवाखान्यात न्यावं.

रोजचं काम मात्र सोपं आहे. ओल्या कापसाने डोळ्यांचे कोपरे आतून बाहेर पुसायचे आणि डोळ्यांवर येणारे केस बांधायचे किंवा कापायचे.

केस : रोजची पंधरा मिनिटं

शिह त्झूचे केस दुहेरी थराचे असतात आणि माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. गळलेला केस जमिनीवर कमी दिसतो, कारण तो इतर केसांतच अडकतो. तो विंचरून काढला नाही तर गुंता होतो, गुंत्याची जट होते आणि जट खालची कातडी ओढत राहते. त्याखाली ओल साचून जखमा होतात.

'केस गळत नाहीत म्हणजे ॲलर्जी होत नाही' हाही गैरसमज आहे. ॲलर्जीला कारणीभूत प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर पिल्लू आणण्याआधी अशाच कुत्र्यासोबत काही वेळ घालवून बघावा.

केस लांब ठेवले तर रोज विंचरावे लागतात. आधी थोडं पाणी फवारावं, मग थरथराने, मुळापासून टोकापर्यंत ब्रश फिरवावा आणि शेवटी धातूचा कंगवा. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि हार्नेस घासतो तिथे गुंता आधी होतो. पिल्लू साधारण १० ते १२ महिन्यांचं असताना पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. त्या काळात गुंता सर्वाधिक होतो आणि 'आता नको हे' म्हणून हात टेकणारे पालकही याच टप्प्यावर जास्त असतात.

बहुतेक घरांसाठी केस सगळीकडे आखूड ठेवणारा 'पपी कट' हा शहाणपणाचा पर्याय आहे. तो दर सहा ते आठ आठवड्यांनी करून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात अगदी कातडीपर्यंत वस्तरा फिरवू नये, त्याने कातडी उन्हात भाजते. अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने. अंघोळीआधी गुंता सोडवणं आवश्यक आहे, कारण ओला झालेला गुंता आणखी घट्ट होतो. शेंडी बांधताना रबरबँड सैल असावा.

पावसाळ्यात केस वाळवण्याकडे जास्त लक्ष लागतं. फेरीहून आल्यावर पंजे, बोटांमधल्या फटी आणि पोट पुसून कोमट किंवा गार हवेच्या ड्रायरने वाळवावं. कानांवर केस लोंबत असल्याने आत ओल राहते आणि संसर्ग होतो. कान हलवणं, खाजवणं किंवा वास येणं ही त्याची खूण. याच दिवसांत गोचिडांचा त्रास वाढतो आणि त्यांच्यातून रक्तातले गंभीर आजार पसरतात, म्हणून गोचीड प्रतिबंधक औषध वेळेवर द्यावं.

खाणं, दात आणि लसी

दूध-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटं हा आपल्या घरांतला नेहमीचा बेत कुत्र्यासाठी पुरेसा नाही. अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही आणि बिस्किटांनी फक्त वजन वाढतं. वयानुसार चांगलं तयार खाद्य किंवा पशुवैद्याने ठरवून दिलेला घरचा आहार द्यावा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल असलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात. फोडणीचा रस्सा घातलेला भातही त्यामुळे टाळावा.

लहान जबड्यात ४२ दात दाटीवाटीने बसत असल्याने शिह त्झूला दातांचे आजार लवकर होतात. काही वेळा दुधाचे दात पडतच नाहीत. कुत्र्यांच्या पेस्टने रोज दात घासणं उत्तम. माणसांची टूथपेस्ट वापरू नये.

पिल्लाचं लसीकरण साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतं आणि १६ आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने डोस दिले जातात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार यातून टळतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. पावसात पाणी तुंबणाऱ्या भागात लेप्टोच्या लसीबद्दल आवर्जून विचारावं.

मुंबई आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र शी उचलणं आणि इतरांना त्रास होऊ न देणं ही जबाबदारी मालकाचीच आहे.

पिल्लू घेताना काय बघायचं?

केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराची पिल्लं 'आता घेतलं तर लळा लागेल' असं सांगून विकली जातात. आईपासून इतक्या लवकर तुटलेली पिल्लं आजारी पडतात आणि मोठेपणी भित्री किंवा चावरी होण्याचा धोकाही वाढतो.

- पिल्लाची आई दाखवा, असं सांगावं. ती दमलेली, केस गेलेली, जोराने धापा टाकणारी असेल तर तिथून निघावं.
- पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, श्वासाचा आवाज येतो का, डोळे स्वच्छ आहेत का, हे बघावं.
- आई-वडिलांना किडनी, डोळे किंवा गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास आहे का, हे विचारावं. शिह त्झूमध्ये किडनीची जन्मजात अपुरी वाढ हा ओळखीचा आनुवंशिक आजार आहे.
- 'टीकप' किंवा 'इम्पीरियल' शिह त्झू म्हणून जास्त पैसे मागितले तर सावध व्हावं. असा कोणताही अधिकृत प्रकार नाही. अतिशय लहान पिल्लांमध्ये आजारांचं प्रमाण जास्त असतं.

आणखी एक मार्ग आहे, दत्तक घेण्याचा. केस सांभाळणं जमलं नाही, बदली झाली, बाळ झालं अशा कारणांनी सोडून दिलेले शिह त्झू प्राणिमित्र संस्थांकडे येत असतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव, श्वास आणि तब्येत आधीच कळलेली असते, ही त्यातली जमेची बाजू.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. रोज विंचरणार कोण? दुपारी घरी असणार कोण? आणि मे महिन्यात पंखा-कूलर लावून त्याच्याजवळ थांबणार कोण? तिन्ही ठिकाणी खरंखुरं नाव पुढे आलं, तर शिह त्झूइतका प्रेमळ सोबती शोधून सापडणार नाही. नाव पुढे आलं नाही, तर सध्या रील बघण्यावर भागवणं हेच त्या कुत्र्यासाठीही बरं.